ताकावर भागलेली तहान

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणावरून)



सुवर्णमहोत्सवात सोन्याविषयी बोलावे असा संकेत आहे. आम्ही मात्र आज पितळेविषयी, किंबहुना प्लास्टिकविषयी बोलण्याची परवानगी मागतो. आमच्या पिढीने दिल्लीत जे संसार थाटले, त्यांत अस्सल वस्तू थोड्या आणि स्वस्त वस्तू फार होत्या. गाणेसुद्धा पुष्कळदा मूळ गायकाचे नव्हते; त्याच्यासारखा गळा असलेल्या दुसऱ्या कोणाचे होते. ह्या दोन्ही गोष्टींना आज हसण्याची चाल पडली आहे. त्या हसण्यात आम्हीही सामील होतो. परंतु हसून झाल्यावर थोडा हिशेब मांडावा, एवढ्याचसाठी उभे आहोत.

चौथ्या वेतन आयोगाच्या १२००-२०४० ह्या श्रेणीत नोकरीला लागून सरकारी वसाहतीत बिऱ्हाड करणाऱ्या माणसाने अंथरूण पाहूनच पाय पसरावयाचे असतात. ग्रामोफोनची तबकडी ही त्या अंथरुणाबाहेरची वस्तू होती. तबकडी काढण्यास मोठा कारखाना लागे, आणि ऐकणाऱ्याच्या घरी ती वाजविणारे यंत्र लागे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या छोट्या कॅसेटने हे गणितच बदलले. एका खोलीत नकला काढणारी यंत्रे मांडली की कॅसेटचा धंदा उभा राहू शके. आपल्याकडे आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून ‘टू-इन-वन’ घरोघर आले आणि ऐंशीच्या दशकात गाणे चौकातल्या पानाच्या दुकानापर्यंत पोचले.

ह्या उलथापालथीचे केंद्र आपल्या दिल्लीतच होते, ह्याची आठवण नव्या सभासदांना करून द्यावीशी वाटते. दर्यागंजातील फळांच्या रसाच्या दुकानातून पुढे आलेल्या गुलशन कुमार ह्यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही संस्था स्थापिली आणि ‘टी-सीरीज’ हे नाव घरोघर नेले. लता, रफी, मुकेश, किशोर ह्यांच्या जुन्या गाण्यांचे मोठे भांडार एचएमव्हीकडे, म्हणजे आज सारेगामा ह्या नावाने चालणाऱ्या कंपनीकडे होते. पण त्यातील हवे ते गाणे हवे तेव्हा बाजारात मिळेलच असे नव्हते. ती जागा नव्या गळ्यांनी भरून काढली. किशोरकुमारांची गाणी कुमार सानू ह्यांनी गायिली, रफीसाहेबांची सोनू निगम ह्यांनी, आणि लताबाईंची गाणी आपल्या अनुराधा पौडवाल ह्यांनी.

हे सारे बेकायदा होते असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची चोरटी प्रत काढणे हा गुन्हाच. परंतु तेच गीत नव्या गायकाकडून, नव्या वाद्यवृंदासह गाऊन घेणे ही वेगळी गोष्ट. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात त्यास वाट ठेवलेली होती. गीताच्या हक्कधारकास रीतसर सूचना द्यावी आणि ठरलेले शुल्क भरावे, अशी अट होती. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने नियम कडक झाले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे शुल्क भरावे, आणि वेष्टनावर ही नवी आवृत्ती असल्याचे स्पष्ट लिहावे. मूळ गायकाचे नाव अथवा चित्र त्यावर नसावे. ह्या शेवटच्या अटीत आम्हांस सगळ्या विषयाचे मर्म दिसते. दुधाची तहान ताकावर भागवावी लागणे ह्यात कमीपणा काहीच नाही. ताकही उत्तम पेय आहे. मात्र विकणाऱ्याने त्यास दूध म्हणू नये.

घरगुती वस्तूंचीही कथा अशीच. नोव्हेंबरात प्रगती मैदानावर भरणारा व्यापार मेळा आठवा. एक गृहस्थ बटाट्यावर प्लास्टिकचे यंत्र फिरवून त्याची फुले करीत असत, आणि भोवती जमलेल्या भगिनी मंत्रमुग्ध होत. घरी आणल्यावर तेच यंत्र बटाट्याऐवजी बोट निवडी! सदर बाजारातील पाणी तापविण्याचा रॉड, पत्र्याचा आवाज करणारा कूलर, दहा वेळा दाबल्यावर एकदा पेटणारा लायटर: ह्यांवर आमचे उन्हाळे-हिवाळे निघाले. त्यामागेही एक धोरण होते. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आल्या आणि पुढे ती यादी आठशेच्या वर गेली. तिच्यातील शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या; त्यांत कुलुपे होती, स्टीलची व ॲल्युमिनियमची भांडी होती. ह्या धोरणाने हजारो लहान कारखाने जगविले. त्याचबरोबर वस्तू सुधारण्याची निकडही कमी केली, हे मान्य केले पाहिजे. वस्तू स्वस्त असावी, पण तिने विजेचा धक्का देऊ नये, म्हणून आम्ही आयएसआयचा शिक्का शोधीत असू. तो शिक्का म्हणजे वस्तूच्या वेष्टनावरचे खरे बोलणेच होय.

आता मूळ प्रश्न. नकलेने कलेचे नुकसान झाले काय? थोडे झाले. मूळ गायकांना ह्या नव्या कॅसेटींतून काही मिळत नसे, आणि उसन्या गळ्याने गाणाऱ्या कितीतरी गुणी मुलांना स्वतःचा आवाज सापडलाच नाही. त्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत. ह्याचे दुःख आम्हांस वाटते, कारण आपल्या करमणुकीची किंमत त्यांनीही चुकविली आहे. परंतु काहींना त्याच वाटेवर स्वतःचा सूर लाभला. १९९० च्या ‘आशिकी’नंतर कुमार सानू ह्यांना कोणी दुसऱ्याची सावली म्हटले नाही.

आणि मित्रहो, आपले मंडळ तरी दुसरे काय करीत आले? पन्नास वर्षे ह्या रंगमंचावर आपल्या हौशी कलावंतांनी नाट्यपदे म्हटली, ती कोणा थोरांची नक्कलच होती. पेटी भाड्याची, तबलजी कार्यालयातून रजा काढून आलेला. तरीही पुणे-मुंबईपासून दीड हजार किलोमीटरवर वाढणाऱ्या मुलांनी मराठी सूर प्रथम ऐकला तो ह्याच गळ्यांतून. मूळ ध्वनिमुद्रण त्यांनी पुढे शोधून काढले. ते शोधण्याची ओढ मात्र येथे लागली.

आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर मूळ गाणे एका क्षणात मिळते. ते मिळावेच. आता तर यंत्राच्या साहाय्याने कोणाचाही आवाज तयार करता येतो, आणि वेष्टनावर खरे लिहिण्याचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला आहे. त्या कॅसेटींचा आणि त्या रॉडचा जमाना परत यावा असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी थोड्या पैशांत आमचे घर उबदार आणि सुरेल ठेवले, त्या अनाम कारागिरांचे व गायकांचे ऋण ह्या सुवर्णवर्षी नोंदले जावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.