पैसे नंतर द्या, आधी वेळ द्या

सरकारी मेडिकल कॉलेजात आपण शिकलो, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा समाजाने उचलला. आता माजी विद्यार्थी म्हणून आपण कॉलेजला कमान देतो, पंखे देतो. चांगलेच आहे. पण ही परतफेड बालगृहातल्या मुलांपर्यंत पोचते का?

केईएममध्ये घडलेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. प्रत्येकाला संस्था काढता येणार नाही. महिन्यातला एक ठरलेला दिवस मात्र देता येईल.

‘मी उदास आहे’ असे मूल सहसा म्हणत नाही. त्याचे पोट दुखते, ते अंथरूण ओले करते, मारामारी करते किंवा गप्प बसते. हे टिपायला मनोविकारतज्ज्ञच लागतो असे नाही. आपण टिपावे, तिथल्या काळजीवाहकांना सांगावे, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. आपण नसू त्या दिवसांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवर लावावा.

एकच अट: निदान वर्षभर जा. सोडून जाणारी माणसे या मुलांनी आधीच पाहिली आहेत. दोनदा येऊन न फिरकणारा डॉक्टर त्यांत एकाची भर घालतो. जमणार नसेल, तर आजच नाही म्हणा.