न सापडण्याचा हिशेब

शोधमर्यादा म्हणजे एखादी गोष्ट ‘आहे’ असे खात्रीने म्हणता येईल इतकी तिची किमान मात्रा. उपकरण कितीही चांगले असले तरी ही मात्रा शून्यावर येत नाही, कारण शोधायचा पदार्थ ज्यात मुळीच नाही असा नमुना तपासला तरी थोडासा आकडा उमटतोच. रसायनशास्त्रात अशा नमुन्याला ब्लँक म्हणतात. ब्लँक पुन्हापुन्हा मोजायचा, त्याचे आकडे किती विखुरतात ते पाहायचे आणि ब्लँकच्या सरासरीपेक्षा त्या विखुरण्याच्या साधारण तिपटीहून वर आलेला संकेतच खरा मानायचा, हा प्रयोगशाळांत रुळलेला नियम. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लॉइड करी यांनी १९६८ मध्ये या विचाराची नीट गणिती मांडणी केली आणि तीन पातळ्या वेगळ्या केल्या. पहिल्या पातळीवर संकेत आहे की नाही हे ठरते, दुसऱ्या पातळीवर पदार्थ सहसा निसटत नाही आणि तिसऱ्या पातळीपासून त्याची मात्रा भरवशाने सांगता येते. खरी मात्रा बरोबर पहिल्या पातळीइतकी असेल, तर पदार्थ निम्म्या वेळा निसटतो. अहवालात नुसते ‘आढळले नाही’ लिहिले आणि यांतली कोणती पातळी धरली ते सांगितले नाही, तर तो अहवाल अपुरा आहे.

क्षयरोगाच्या निदानात या अपुरेपणाची किंमत रुग्ण मोजतात. थुंकीच्या काचेवर सूक्ष्मदर्शकातून जंतू दिसायचे तर एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असले की रुग्णाच्या हाती ‘निगेटिव्ह’ कागद पडतो आणि तो खोकत घरी जातो. एचआयव्हीबाधितांच्या आणि लहान मुलांच्या थुंकीत जंतू बहुधा कमीच असतात. ज्यांना निदानाची निकड सर्वांत जास्त, तेच या तपासणीतून अधिक सुटतात. सीबीनॅट चाचणीने ही मर्यादा सुमारे १३० जंतूंपर्यंत खाली आणली आणि तिच्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीने सुमारे १६ पर्यंत. हे मोठे यश आहे, पण मर्यादा खाली गेली की नवा प्रश्न उभा राहतो. ही चाचणी जंतूचा डीएनए ओळखते. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. उपचार घेऊन बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात उरलेले मृत जंतूंचे अवशेषही अल्ट्रा पकडते. अशा वेळी रुग्णाचा पूर्वेतिहास विचारणारा डॉक्टर हा चाचणीचाच भाग ठरतो.

पुरातत्त्वात वय मोजण्याची कार्बन-१४ पद्धतही अशाच एका मर्यादेपाशी, सुमारे ५०,००० वर्षांवर, थांबते. तोवर मूळ कार्बन-१४ चा जेमतेम चारशेवा भाग उरलेला असतो. त्याहूनही जुन्या, कार्बन-१४ पूर्ण संपलेल्या नमुन्यात एक टक्का आधुनिक कार्बन मिसळला, तरी त्याचे वय सुमारे ३७,००० वर्षे दिसते. इथे यंत्रापेक्षा नमुन्याची स्वच्छता निर्णायक असते.

गुरुत्वीय लहरींच्या शोधात गोंगाटाशी झुंज सर्वांत कडवी आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पट लहान होता. सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांत तोच आकार सात मिलिसेकंदांच्या फरकाने उमटला, म्हणून त्यावर विश्वास बसला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ मंजूर झालेल्या अशाच वेधशाळेसाठी जागा निवडताना जमिनीची शांतता पाहिली गेली, ती या गोंगाटापायीच. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी स्पंदक (पल्सार) ताऱ्यांच्या निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल जाहीर केली. त्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील दुर्बिणीची निरीक्षणे होती. संकेत साधारण तीन सिग्मा, म्हणजे गोंगाटाच्या विखुरण्याच्या तिप्पट, इतका होता. भौतिकशास्त्रात शोधाच्या दाव्यासाठी पाच सिग्मा लागतात. त्या गटांनी शोध लागल्याचा दावा केला नाही, आणि हा संयम कौतुकास पात्र आहे.

काही मर्यादा मात्र यंत्राच्या नसून गृहीतकाच्या असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड डेव्हिस यांच्या होमस्टेक खाणीतील टाकीत सूर्याकडून अपेक्षित असलेल्या न्यूट्रिनो कणांपैकी सुमारे एक तृतीयांशच सापडत राहिले. टाकीतला क्लोरिन एकाच प्रकारचे न्यूट्रिनो ओळखत होता आणि वाटेत बाकीच्यांचा प्रकार बदलला होता. कॅनडातील सडबरीच्या जड पाण्याच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये हे सिद्ध केले.

सातपुड्यातल्या रानपिंगळ्याची कथा याच जातीची आहे. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड मेनर्ट्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत एक नमुना मिळवल्याचा दावा केला होता; तो जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी त्यांना भरदिवसा दिसला. पुढे तो मेळघाटात आणि मुंबईच्या उत्तरेला तानसा अभयारण्यातही आढळला. शतकभर पक्षी तिथेच होता.

करी यांच्या मांडणीला समांतर असा हिशेब परिसरशास्त्रात २००२ पासून रुळला आहे: एकाच जागी पुन्हापुन्हा जाऊन प्राणी दिसण्याची शक्यताच मोजायची. प्राणी तिथे असून एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल, तर पाच फेऱ्यांनंतरही तो निसटण्याची शक्यता १७ टक्के उरते. ती पाच टक्क्यांखाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. फेऱ्यांची संख्या न देता केलेली ‘आढळला नाही’ ही नोंद म्हणूनच प्राण्याविषयी जवळपास काहीच सांगत नाही.