पाळण्यांतले पाय आणि कागदावरचे तारे

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण मराठींत घरोघर चालते. बहुधा ती यशस्वी झालेल्या मुलाकडे पाहूनच उच्चारली जाते. ज्याचे पाय पाळण्यांत मोठे सुंदर दिसले, परंतु पुढें कोठेंच पोंचले नाहींत, त्याच्या वेळीं ती कोणाला आठवत नाहीं. अमेरिकेंत मात्र या म्हणीचा एक धंदाच होऊन बसला आहे. सोळासतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे पाय पाळण्यांत पाहून त्यांना गुण देणारे व्यवसायी लोक तेथें आहेत. त्यांच्या याद्यांवर मुलांचें शिक्षण, त्यांचा पैसा आणि विश्वविद्यालयांची प्रतिष्ठा यांतील बराच भाग अवलंबून असतो. या गुणांची खरी किंमत काय, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

हा फुटबॉल आपल्याकडील पायांनी खेळण्याचा फुटबॉल नव्हे. यांत लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, किंवा तो फेंकून सोबत्याच्या हातीं द्यावयाचा, आणि प्रतिपक्षानें अंगाला अंग भिडवून अडवावयाचें, असा प्रकार असतो. विश्वविद्यालयांमधील सामने हा तेथें केवळ विद्यार्थ्यांचा विरंगुळा नाहीं. मिशिगन विश्वविद्यालयाच्या एकट्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. असा संघ उभा ठेवण्यासाठीं दरवर्षीं वीसपंचवीस नवीं मुलें लागतात, आणि तीं देशभरच्या हायस्कुलांतून निवडावीं लागतात. हायस्कुलें हजारों, प्रशिक्षकाचे डोळे दोनच. ही अडचण ओळखून गुण देणाऱ्या संस्था निघाल्या.

रायव्हल्स आणि २४७ स्पोर्ट्स या अशा संस्थांपैकीं नांवाजलेल्या होत. त्यांचे परीक्षक मुलाची उंची, वजन आणि चाळीस यार्ड धांवण्याचा वेग पाहतात, त्याच्या सामन्यांचीं चित्रणें तपासतात, आणि शेवटीं त्याच्या नांवापुढें दोनपासून पांचपर्यंत तारे मांडतात. २४७ स्पोर्ट्सच्या पद्धतींत पांच तारे सुमारें ३२ मुलांनाच मिळतात. व्यावसायिक संघ ३२ आहेत, आणि त्यांच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरींत सामान्यतः तितकेच खेळाडू घेतले जातात. त्या मानानें हा आंकडा ठरविलेला आहे. म्हणजे आज शाळेंत असलेला मुलगा तीनचार वर्षांनीं कोणत्या पायरीवर उभा असेल, याचें तें भाकीत असतें.

या भाकिताची थट्टा करणाऱ्यांजवळ उदाहरणांची वाण नाहीं. विस्कॉन्सिन राज्यांतील जे. जे. वॉट या मुलाला रायव्हल्सनें दोनच तारे दिले होते. तो प्रथम सेंट्रल मिशिगन विश्वविद्यालयांत गेला. तेथील जागा सोडून तो घरीं परतला, पिझ्झा पोंचविण्याचें काम त्यानें केलें, आणि पुढें विस्कॉन्सिन विश्वविद्यालयाच्या संघांत शिष्यवृत्तीवांचून दाखल झाला. २०११ सालीं व्यावसायिक संघांच्या निवडींत तो अकरावा आला, आणि २०१२, २०१४ व २०१५ या तीन वर्षीं सर्वोत्तम बचावपटू ठरला. कॅलिफोर्नियांतील फायरबॉ या लहानशा गांवच्या शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन याला तर हायस्कूल संपतांना एकाही मोठ्या विश्वविद्यालयानें बोलाविलें नाहीं. तो जवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयांत गेला, तेथून देशभरच्या प्रशिक्षकांना स्वतःच ई-मेल पाठवूं लागला, आणि अखेर वायोमिंग विश्वविद्यालयांत त्याला जागा मिळाली. २०१८ सालीं व्यावसायिक निवडींत तो सातवा आला. २०२४ च्या हंगामांतील सर्वांत मोलाचा खेळाडू हा मानही त्यालाच मिळाला.

हीं उदाहरणें ऐकून तारे म्हणजे निव्वळ थोतांड, असें म्हणावयाचा मोह होतो. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जॉर्जिया राज्यांतील ट्रेव्हर लॉरेन्स हा २०१८ च्या तुकडींतील पांच ताऱ्यांचा मुलगा. त्यानें पहिल्याच वर्षीं क्लेम्सन विश्वविद्यालयाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें, आणि २०२१ सालीं व्यावसायिक निवडींत तो पहिला आला. निक सेबन हे प्रशिक्षक २००७ पासून २०२३ च्या हंगामापर्यंत ॲलाबामा विश्वविद्यालयांत होते. ताऱ्यांच्या हिशेबानें त्यांनीं जमविलेल्या तुकड्या वर्षानुवर्षें पहिल्या काहींत असत, आणि त्या काळांत त्यांच्या संघानें सहा वेळां राष्ट्रीय विजेतेपद जिंकलें. हा केवळ योगायोग म्हणतां येणार नाहीं.

मग खरें कोणतें? याचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. केवळ उदाहरणादाखल असें समजावें कीं, पांच ताऱ्यांचीं ३० मुलें आहेत आणि त्यांतील निम्मीं यशस्वी होतात. आणि तीन ताऱ्यांचीं २००० मुलें आहेत व त्यांतील विसांतून एकच यशस्वी होतो. पहिल्या गटांतून १५ यशस्वी निघतील, दुसऱ्यांतून १००. शिखरावर पाहणाऱ्याला तीन ताऱ्यांचे शंभर जण दिसतील, आणि तो म्हणेल कीं परीक्षक आंधळे आहेत. परंतु पायथ्याशीं उभ्या असलेल्या पांच ताऱ्यांच्या मुलाला यशाची संधि दुसऱ्याच्या दसपट होती, हेंही तितकेंच खरें.

येथें विमा कंपनीचें उदाहरण उपयोगी पडेल. एका वयाच्या हजार माणसांपैकीं या वर्षीं साधारण किती दगावतील, हें कंपनी बऱ्याच अचूकपणें सांगते. पण त्यांत गोविंदराव असतील कीं नाहीं, हें ती सांगूं शकत नाहीं. ताऱ्यांचेंही तसेंच आहे. पंचवीस मुलें एकदम घेणाऱ्या विश्वविद्यालयाला त्यांचा मोठा आधार आहे. एकाच मुलाच्या आईबापांना मात्र ते जवळजवळ कांहींच सांगत नाहींत. समूहासाठीं केलेलें माप व्यक्तीच्या अंगावर चढविलें, कीं तें अन्यायाचें होतें.

हा अन्याय आतां अधिक महागहि झाला आहे. जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली, आणि विश्वविद्यालयांना खेळाडूंना प्रत्यक्ष मोबदला देतां येऊं लागला. पहिल्या वर्षीं सर्व खेळ मिळून त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विश्वविद्यालयाला सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलर होती. पूर्वीं तारा म्हणजे अंदाज होता. आतां त्यावरून बाजारभाव बोलला जातो. ज्याच्यावर अधिक पैसा लागला त्याला मैदानावर अधिक वेळ मिळणें स्वाभाविक आहे, आणि मग भाकीत आपणच आपल्याला खरें करूं लागतें.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच तडजोडींत आहे. पूर्वीं वरच्या श्रेणींतील संघाला ८५ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. तिच्याबाहेर स्वखर्चानें येणाऱ्या मुलांना संघांत घेतां येत असे. आतां ती तडजोड स्वीकारणाऱ्या विश्वविद्यालयांवर शिष्यवृत्त्यांचें बंधन उरलेलें नाहीं, परंतु संपूर्ण संघच १०५ जणांचा ठरला आहे. ज्यांना शिष्यवृत्ति मिळाली त्यांचें यांत भलें झालें, हें नाकारतां येत नाहीं. पण वॉटसारखा मुलगा ज्या मागल्या दारानें आंत आला, तें दार यामुळें अरुंद झालें आहे.

कोणतीही परीक्षा चुकणारच. सतरा वर्षांच्या मुलाची तर हमखास चुकणार, कारण त्याचीं हाडें अजून वाढावयाचीं असतात आणि त्याची जिद्द कोणत्याच फितीनें मोजतां येत नाहीं. म्हणून परीक्षा टाकून द्यावी असें नव्हे. परंतु परीक्षकांची चूक दुरुस्त होण्याची वाट जेथें मोकळी असते, तेथेंच परीक्षेचे गुण निर्धोकपणें वापरतां येतात. पाळण्यांतले पाय खुशाल पाहावेत. मात्र मूल चालूं लागल्यावर त्याला पुन्हां एकदां पाहण्याची तयारी ठेवावी.