बाबांचा फंड आणि क्वार्टरची चावी

कोणी रामटेकच्या गाडीत बसून ऐकून राहिले असतील, कोणी कामठीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले असतील. असू द्या. आज जरा घरचा विषय आहे. आपल्या आईबाबांच्या म्हातारपणाचा.

आपल्या कन्हानमध्ये प्रत्येक दुसऱ्या घरात कोणी ना कोणी खाणीत आहे. कामठी ओपनकास्ट, इंदर, गोंडेगाव, ही नावं आपण शाळेच्या आधी शिकलो. खाणीतला माणूस साठाव्या वर्षी रिटायर होतो. त्या एकाच महिन्यात दोन गोष्टी घडतात. आयुष्यात कधी पाहिले नाहीत एवढे पैसे खात्यात येतात, आणि ज्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली त्याची चावी परत द्यायची वेळ येते. हातात पैसा आहे, डोक्यावर छप्पर नाही. घाईत चूक होते ती इथेच.

आमच्या लाइनीतल्या एका काकांचं सांगतो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, जवळजवळ सगळी घरात घातली. मोठं दोन मजली घर, मार्बल वगैरे. आणि घर घेतलं पोराच्या नावावर. "उद्या त्याचंच तर आहे ना," म्हणाले. पोरगा वाईट नव्हता बरं का. त्यानं धंदा टाकला, त्यासाठी घर गहाण ठेवलं, धंदा बसला. बँकेची नोटीस आली तेव्हा काकांना कळलं की ज्या घरात आपण राहतो त्यात कागदावर आपलं काहीच नाही. आता काकू बीपीच्या गोळ्यांचे पैसे सुनेला मागतात. मागताना त्यांची मान खाली असते, ते मला बघवत नाही.

म्हणून आज थोडा हिशोब करू.

पहिली गोष्ट, पेन्शन. कोळसा खाणीतल्या लोकांचा पीएफ वेगळा असतो, सीएमपीएफ. 1948 च्या कायद्यानं आलेला. पेन्शन योजना 1998 ची. पूर्ण तीस वर्षं सेवा झाली तरी पेन्शन पगाराच्या पाव हिश्श्याच्या आसपास बसते. आणि तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. आज जो आकडा लागला, तोच आकडा दहा वर्षांनी. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर बारा वर्षांत किराण्याचा खर्च दुप्पट होतो. पेन्शन तिथेच उभी. ज्यांचे बाबा खासगी कंपनीत होते त्यांची तर गोष्टच सोडा, ईपीएसची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1,000 रुपये आहे.

म्हणजे खरा आधार आहे तो एकरकमी मिळालेल्या पैशाचा. समजा सगळं मिळून 50 लाख आले. 45 लाखांचं घर घेतलं तर हातात 5 लाख. एक अँजिओप्लास्टी आणि एक लग्न, संपलं. त्याऐवजी 20 लाखांत दोन खोल्यांचं, तळमजल्याचं साधं घर घेतलं आणि 30 लाख पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर? एका माणसाला तिथे 30 लाखांचीच मर्यादा आहे. सध्याचा दर 8.2 टक्के. दर तीन महिन्यांनी 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम. मात्र सगळं व्याज खाऊन टाकू नका, थोडं बाजूला काढत राहा, कारण महागाई थांबत नाही.

तळमजला काहून म्हणतो? सत्तरीत गुडघे जिना चढत नाहीत, बाप्पा!

दुसरी गोष्ट, प्लॉट. मेट्रो कन्हान नदीपर्यंत येणार म्हटल्यापासून इकडे दलाल चहाच्या टपरीवरसुद्धा नकाशा उघडून बसतात. बाबांना एकट्याला पाठवू नका. सातबारा पाहा, एनए ऑर्डर पाहा, लेआउट मंजूर आहे का पाहा, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या. इसारपत्रावर आणि नुसत्या शब्दावर पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट, नाव. आणि हे मी तुम्हा पोरांना सांगून राहिलो. घर आईबाबांच्या नावावरच राहू द्या. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, 20 लाखांवर 20,000 वाचतात. आईच्या नावावर घर, हा काही वाईट विचार नाही. पुढे कोणाला द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

बक्षीसपत्र मात्र सांभाळून. मुलाला राहतं घर द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, म्हणून लोक झटकन करून टाकतात. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 त्या अटीवर उभं आहे. सांभाळ झाला नाही तर एसडीओकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसली तर भांडण लांबतं.

आणि घर आहे पण पैसा नाही, अशी वेळ आलीच, तर रिव्हर्स मॉर्गेज नावाची सोय 2007 पासून आहे. साठीच्या पुढे, स्वतःच्या नावावरचं घर बँकेकडे ठेवून हप्त्यानं पैसे मिळतात, राहायचं त्याच घरात. पण घर स्वतःच्या नावावर असेल तरच. काकांना हाही रस्ता उरला नव्हता.

आता तुमचं काम. या रविवारी जेवण झाल्यावर बाबांजवळ बसा. रिटायर व्हायला किती वर्षं राहिली, फंडात नॉमिनी कोण, आईचं नाव आधार, पासबुक आणि फंडाच्या कागदावर सारखंच आहे का, हे बघा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी विधवा पेन्शनच्या वेळी आईलाच चकरा माराव्या लागतील. रिटायर झालेले असतील तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तुम्हीच मोबाइलवर काढून द्या, चेहरा स्कॅन करून होतो.

आणि एक विचारू नका. "बाबा, फंडातून माझ्या गाडीचं काही जमेल का?" हे विचारू नका. ते नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच विचारू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. काळजी घ्या!