पत्राचा मायना
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मी मायन्यावर बोलणार असे कळताच आमच्या एका तरुण आप्ताने विचारले, “मायना म्हणजे काय हो?” प्रश्न रास्तच होता. दूरध्वनीवर दोन शब्दांत निरोप धाडणाऱ्या पिढीस मायन्याची गरज ती काय पडणार? परंतु आपल्या घरोघरी आजोबा-पणजोबांच्या पत्रांचे गठ्ठे अद्याप आहेत. आणि पहिली ओळच लागली नाही, तर कोणी कोणास लिहिले हेही उमगत नाही.

‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. हे धाकट्याने वडीलधाऱ्यास लिहावयाचे. ‘अ. उ. आ.’, अर्थात अनेक उत्तम आशीर्वाद, हे वडिलांकडून धाकट्यास. जन्मदाते ते ‘तीर्थरूप’, त्यांच्या ठिकाणी मानावयाचे ते ‘तीर्थस्वरूप’. पत्राचा शेवटही तितकाच बोलका असे. पेशवाईतील कागदांत वरिष्ठास ‘हे विज्ञापना’, बरोबरीच्यास ‘हे विनंती’, आणि आज्ञेच्या कागदात ‘जाणिजे’. एखाद्या कागदावरील नावे कसरीने खाल्ली असली, तरी एवढ्या शब्दांवरून दोघांचे नाते हाती लागते. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगितले जाणारे ‘मेस्तक’ असल्याच लेखनप्रघातांचे आहे.

मायन्याने केवढी अडचण होऊ शकते, याची आपल्या वाङ्मयातील कथा सर्वश्रुत आहे. परंपरा सांगते की, चांगदेवांना ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयाचे होते. वयाने पाहावे तर ‘चिरंजीव’ लिहिले पाहिजे. ज्ञानाने पाहावे तर ‘तीर्थरूप’. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी कोराच कागद धाडला. त्याचे उत्तर ती ‘चांगदेव पासष्टी’. उत्तर पासष्ट ओव्यांचे, आणि आरंभी पत्राच्या रिवाजास धरून ‘स्वस्ति’ हा शब्द. मला येथे ओवीच योग्य वाटते. मोरोपंतांची आर्या मात्रांच्या हिशेबाने चालते. तिला घरातल्या बोलण्याची मोकळीक थोडी कमी. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. अक्षरांचे बंधन सैल. वडील पुरुषास समजावयाचे, पण शिकविण्याचा आव आणावयाचा नाही, हे या छंदात सहज साधते.

आता थोडे घरचे सांगतो. विषयांतर वाटल्यास क्षमा असावी. माझ्या आत्या तरुणपणीच विधवा झाल्या. त्या दिवसापासून त्यांना येणाऱ्या प्रत्येक पत्रावरचे ‘सौ.’ जाऊन तेथे ‘गं. भा.’ आले. गंगाभागीरथी! शब्द किती पवित्र, नद्यांची नावे! लिहिणारे तो आदरानेच लिहीत, याविषयी मला संशय नाही. पण आत्या म्हणत, “पोस्टमन पत्र टाकून जातो, आणि दरवेळी तीच बातमी पुन्हा कळते.” माझे वडील त्यांचे धाकटे बंधू. त्यांनी ‘सौ.’ही लिहिले नाही, ‘गं. भा.’ही लिहिले नाही. अखेरपर्यंत ‘तीर्थस्वरूप आक्कांचे सेवेसी’ एवढेच लिहीत राहिले. आत्या निवर्तल्यावर त्यांच्या पेटीत निघाली ती केवळ वडिलांची पत्रे. इतरांच्या पत्रांचे काय झाले, ते त्यांनाच ठाऊक.

तात्पर्य, मायना जुना म्हणून टाकू नये आणि जुना म्हणून ठेवूही नये. ‘तीर्थस्वरूप’ नाते सांगतो, ‘गं. भा.’ केवळ दुर्दैव सांगतो. पुरुषास पत्नी गेल्याची खूण कोणत्याही मायन्यात नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्या मंडळाच्या सभासदसूचीत आजही काही भगिनींच्या नावामागे हा संक्षेप छापला जातो. कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, नवी सूची छापखान्यात जाण्यापूर्वी त्या भगिनींना प्रत्येकी एक पत्र लिहून त्यांचे नाव कसे छापावे हे विचारावे. मसुदा करून देण्यास मी तयार आहे. मायना ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ हा असावा.