जिभेखालची गाठ आणि शल्यचिकित्सा



घरातल्या मुलाच्या खालच्या ओठाच्या आतील बाजूस एखाद्या दिवशी वाटाण्याएवढा, निळसर झाक असलेला मऊ फोड दिसू लागतो. तो दुखत नाही. जेवताना दाताखाली येऊन फुटतो, चिकट पाणी निघते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. काही दिवसांनी तो त्याच जागी पुन्हा उभा राहतो. मग कोणी सुईने फोडावयास सांगतो, कोणी उष्णतेवर खापर फोडून गुलकंद सुचवतो, आणि या फेऱ्यात वर्ष निघून जाते. आजचा विषय आहे हा फोड आणि जिभेखाली होणारा त्याचा मोठा भाऊ.

आपल्या तोंडात लाळ निर्माण करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानापुढे, दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तराखाली सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. दाताने ओठ चावला गेला की अशा एखाद्या ग्रंथीची सूक्ष्म नलिका तुटते. ग्रंथी आपले काम थांबवीत नाही. तिची लाळ मात्र तोंडात न येता आतल्या आत झिरपून साचते. शरीर त्या साठ्याभोवती एक भिंत उभारते. म्हणजे ज्याला आपण पिशवी म्हणतो तिला बहुधा स्वतःचे अस्तरही नसते. ओली भिंत कितीही पुसली तरी गळकी तोटी बदलल्यावाचून ती कोरडी होत नाही, तसाच हा प्रकार. सुईने फोडलेली गाठ परत का येते, याचे उत्तर एवढेच आहे.

ओठावरील गाठीस वैद्यकात म्युकोसील म्हणतात. तिची शस्त्रक्रिया लहान असते. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन गाठ, तिला लाळ पुरविणारी ग्रंथी आणि छेदाच्या कडेला दिसणाऱ्या शेजारच्या बारीक ग्रंथी काढल्या जातात. त्या शेजारणी दुखावलेल्या अवस्थेत मागे राहिल्या तर नवी गाठ होण्यास निमित्त मिळते.

जिभेखालच्या गाठीचे नाव रॅन्युला. लॅटिन भाषेत ‘राना’ म्हणजे बेडूक. फुगलेल्या, पारदर्शक अशा बेडकाच्या पोटासारखी ती दिसते, म्हणून हे नाव. ती वाढली की जीभ वर उचलली जाते, उच्चार बोबडे होतात, गिळणे अवघड होते. सुश्रुतसंहितेत मुखाचे पासष्ट रोग सांगितले आहेत. त्यांपैकी जिभेच्या पाच रोगांत ‘उपजिह्विका’ येते: जिभेच्या टोकासारखी दिसणारी, जिभेला वर उचलणारी, लाळ गाळणारी सूज. अनेक अभ्यासकांना हे वर्णन रॅन्युलाशी जुळणारे वाटते. उपचार सांगितला आहे तो खरवडण्याचा आणि क्षार चोळण्याचा. एवढ्यावरून सुश्रुताला लाळग्रंथीचे आजचे शास्त्र अवगत होते असे म्हणणे अतिरेकाचे होईल. मात्र ही सूज वेगळी ओळखून तिच्यासाठी शल्यकर्म सांगणारी दृष्टी निश्चितच आदरास पात्र आहे.

अशा विद्येचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. टिपूशी झालेल्या युद्धात कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले. कपाळाच्या त्वचेने ते पुन्हा घडविणारा कारागीर पुण्याजवळचा, विटा करणाऱ्या जातीतला होता. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ही हकीकत छापली आणि युरोपातील शल्यवैद्यांनी ती पद्धत उचलली. तोंड आणि चेहरा यांच्या शल्यचिकित्सेचे नाव निघाले की पुणेकरांनी हा अनामिक कारागीर आठवावा.

पुन्हा जिभेखाली येऊ. रॅन्युलावर पूर्वी गाठीचे छत कापून कडा शिवून टाकीत, म्हणजे कांगारूच्या पिशवीसारखे तोंड उघडे ठेवीत. ही पद्धत आजही वापरात आहे, परंतु तिच्यानंतर गाठ परतण्याचे प्रमाण बरेच आहे. जिभेखालची ग्रंथीच काढली तर ते सर्वांत कमी राहते. मात्र हे काम नाजूक आहे. जबड्याखालच्या ग्रंथीची नलिका आणि जिभेची संवेदना वाहणारी नस, दोन्ही तिथूनच जातात. नस दुखावली तर जिभेची एक बाजू काही काळ, क्वचित कायमची, बधिर राहते. म्हणून हे काम मुखशल्यतज्ज्ञाचे किंवा कान-नाक-घसा शल्यतज्ज्ञाचे आहे. कधी लाळ तोंडाच्या तळाचा स्नायू ओलांडून मानेत उतरते व हनुवटीखाली सूज येते. तेव्हाही बहुतेक वेळा मानेवर छेद न घेता, तोंडातूनच ग्रंथी काढून भागते.

तान्ह्या बाळांतील लहान गाठी कधी आपोआप जिरतात. दूध पिण्यास वा श्वासास अडथळा नसेल तर डॉक्टर काही काळ वाट पाहतात. याउलट वरच्या ओठातील किंवा टाळूवरील टणक गाठीच्या बाबतीत वाट पाहू नये, कारण तेथे अर्बुदाची शक्यता अधिक असते. तंबाखू वा मिश्री लावणाऱ्या व्यक्तीच्या तोंडातील कोणतीही गाठ, पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम ताबडतोब दाखवावी. काढलेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीस जावयास हवा, आणि तो अहवाल घरच्यांनी मागून घ्यावा. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न एकच: नुसती पिशवी उघडणार की ग्रंथीही काढणार?