माल पुढे जातो, धूळ मागे राहते

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, मोठ्या कंपन्या आपल्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांना जे नियम घालून देतात त्यांच्यावर बोलीन. एक जण म्हणाले, दादा, हा विषय विहारात कशाला? म्हणून आधी तेवढं सांगतो. आपल्या वस्तीतल्या किती घरांतल्या लेकी-सुना शिलाईच्या कारखान्यात जातात ते मोजा. किती पोरं रंगखात्यात, पॅकिंगला, गोडाऊनला आहेत ते मोजा. त्यातल्या पुष्कळ कारखान्यांत दाराजवळ काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला असतो, बहुधा इंग्रजीत. तो कागद आपल्याबद्दल आहे, आणि आपणच तो वाचलेला नाही. शिवाय भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. नदीत विष सोडून रंगवलेलं कापड विकणं कशात बसतं, हे विहारात नाही विचारायचं तर कुठं विचारायचं?

आता हा कागद आला कुठून ते बघू. एक शर्ट घ्या. कापूस शेतातून जिनिंगला जातो, तिथून सूतगिरणीत, मग विणाईला, मग रंगाईला, मग शिलाईला. शेवटी त्यावर ज्या कंपनीचं लेबल लागतं तिचा यातला एकही कारखाना बहुधा स्वतःचा नसतो. त्यामुळे कुठे काही वाईट घडलं की कंपनी हात झटकायची, कारखाना आमचा नाही म्हणायची. परदेशातल्या गिऱ्हाइकांनी आणि कामगार संघटनांनी हे चालू दिलं नाही. मग १९९१ मध्ये लिव्हाय स्ट्रॉसने, १९९२ मध्ये नायकेने आपल्या पुरवठादारांसाठी नियम लिहून काढले, आणि पुढे सगळ्यांनीच काढले. नियम वाचायला उत्तम आहेत. बालमजूर नको, वेठबिगारी नको, किमान वेतन द्या, जास्तीच्या तासांना जास्तीचे पैसे द्या, संघटना करू द्या, आगीपासून बचावाची सोय ठेवा, सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडू नका. एसए ८००० नावाचं जे प्रमाणपत्र कारखाने मिरवतात, त्याच्या नियमात भेदभाव नको म्हणताना वंश, धर्म यांच्याबरोबर 'जात' हा शब्दसुद्धा लिहिलेला आहे. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

पण मी कामगार माणूस. गेली तीस वर्षं सूतगिरणीत आहे, आधी कार्डिंग खात्यात, मग रिंग खात्यात. कागद मी बराच पाहिला आहे. पूर्वी एका गिरणीत होतो, तिथे तपासणीची तारीख दहा दिवस आधी कळायची. मग भिंतीला चुना, आगीच्या सिलिंडरला नवीन चिठ्ठी, बंद संडासाला नवीन कडी. सकाळच्या पाळीला तोंडाला बांधायला मास्क वाटायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. मस्टर दोन. कोणाला विचारलं तर काय बोलायचं ते जॉबर आधीच सांगून ठेवायचा. साहेब यायचे, फोटो काढायचे, चहा घेऊन जायचे. कापसाच्या धुळीने छातीला जो आजार होतो, ज्याला बिसिनोसिस म्हणतात, त्यात सुट्टीनंतर कामावर परत आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. म्हणजे तो आजार शोधायचा तर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामगाराला विचारावं लागतं. तसं कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

मग हे नियम सगळेच खोटे का? तसं नाही, आणि इथेच मला मुख्य गोष्ट सांगायची आहे.

काही अ‍ॅझो रंग असे असतात की ते फुटून त्यातून कॅन्सर करणारी द्रव्यं निघतात. १९९४ मध्ये जर्मनीने ठरवलं की अशा रंगाचं कापड आमच्या देशात नको. तिथे कागद बघत नव्हते. कापडाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत घालत होते. नापास झालं की माल पडून, पैसा बुडाला. काय झालं? आपल्याकडच्या रंगखात्यांतून ते रंग उठायला लागले, १९९७ मध्ये भारत सरकारनेही ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. इतक्या वर्षांची सवय थोड्या दिवसांत सुटली. म्हणजे नियम पाळता येतो. मालक पाळतो. फक्त त्याला नुकसान दिसलं पाहिजे.

आता दुसरी बाजू बघा. तामिळनाडूत तिरुपूर आहे, बनियन आणि टी-शर्टचं मोठं केंद्र. नॉयल नावाची नदी तिथून वाहते. रंगाईला मीठ लागतं, ढिगाने लागतं, आणि रंग धुतला की ते सगळं मीठ पाण्याबरोबर बाहेर. खाली ओरथुपालयम नावाचं धरण शेतीसाठी बांधलं होतं, त्यात या रंगाईचंच पाणी साठू लागलं. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची जमीन खारावली, विहिरी गेल्या. आणि या सगळ्या काळात तिथून परदेशी कंपन्यांचा माल त्या सुंदर नियमांसकट जातच होता! कारण कंपनीचा माणूस शिलाईचा कारखाना तपासून परत जायचा. रंगाई दुसऱ्याची, तिथपर्यंत तो जायचाच नाही. शेवटी शेतकरी कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे सगळे कारखाने बंद करायचा हुकूम दिला, शेकडो कारखाने. त्यानंतर पाणी बाहेर सोडायचंच नाही, गाळून, आटवून परत वापरायचं, ही पद्धत तिथे आली. तीसुद्धा फुकट नाही. पाणी आटवायला इंधन जळतं, उरलेल्या मिठाचे ढीग साठतात, आणि काही रंगाई गुपचूप दुसऱ्या गावी निघून गेली. तरी जे झालं ते शेतकऱ्यांनी केलं, कंपनीच्या कागदाने नाही.

फरक कळला का मंडळी? वाईट रंग शर्टाबरोबर गिऱ्हाइकाच्या अंगापर्यंत जातो, म्हणून त्याची तपासणी कडक. मीठ, खराब पाणी, कार्डिंगची धूळ, पोरीला बारा तास उभं करून केलेली पाठदुखी, हे शर्टाबरोबर जात नाही. ते मागे राहतं. सुताच्या धाग्यात कुणाचा खोकला सापडत नाही. म्हणून जे मागे राहतं त्याची तपासणी मागे राहणाऱ्यांच्याच हाती असली पाहिजे.

नुसत्या कागदाचं काय होतं ते कराचीत दिसलं. तिथल्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये तेच एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागली, अडीचशेहून जास्त कामगार गेले. आग लावण्यात आली होती असा निकाल पुढे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने दिला. पण दारं बंद होती, खिडक्यांना गज होते, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याला काही आठवड्यांपूर्वी ते दिसले नव्हते. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसं मेली, पुष्कळशा तरुण बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाईवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. त्यातल्या काही कारखान्यांचीसुद्धा कंपन्यांच्या नियमाप्रमाणे तपासणी झालेली होती, फक्त इमारतीची ताकद बघणं तपासणीत बसत नव्हतं म्हणे.

या मढ्यांवरून एक नवी गोष्ट उभी राहिली. मे २०१३ मध्ये कंपन्या आणि जागतिक कामगार संघटना यांच्यात करार झाला, त्याला 'अकॉर्ड' म्हणतात. पुढे त्यावर दोनशेहून जास्त कंपन्यांनी सह्या केल्या, सोळाशेच्या आसपास कारखाने त्यात आले. याआधीचा नियम म्हणजे कंपनीने स्वतःच लिहायचा, स्वतःच तपासायचा. इथे करार कायद्याने बांधील, मोडला तर लवादापुढे जायचं. इंजिनियरांनी आग, वीज आणि इमारत तपासली, लाखाहून अधिक दोष काढले, आणि प्रत्येक अहवाल सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर केला. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याला सह्या केलेल्या सगळ्याच कंपन्यांचं काम बंद. जिथे धोका वाटेल तिथे कामगाराला काम नाकारायचा हक्क. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला परवडेल अशी व्यवस्था करणं हे कंपनीवर बंधन. २०१८ च्या जानेवारीत लवादात गेलेल्या एका कंपनीने २३ लाख डॉलर भरून तडजोड केली.

या परवडण्याच्या मुद्द्याकडे लक्ष द्या. कंपनीत नियम लिहिणारं खातं वेगळं असतं आणि भाव पाडणारं खातं वेगळं. एक साहेब म्हणतो ओव्हरटाइम नको. दुसरा म्हणतो माल पंधरा दिवस आधी पाहिजे आणि दर मागच्या वर्षीपेक्षा कमी. मालक पहिल्याला कागद दाखवतो आणि दुसऱ्याला माल देतो. मालकाची बाजू घ्यायला मी इथे उभा नाही, पण दर न वाढवता नियम वाढवले तर दोन मस्टर निघणारच.

आपल्या अगदी जवळची गोष्ट तामिळनाडूतल्या दिंडिगुलची. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका शिलाई कारखान्यात काम करणाऱ्या दलित तरुणीचा खून झाला. आरोपी तिचा सुपरवायझर. पोरींना छळलं जातं हे मग बाहेर आलं. कारखान्याच्या भिंतीवर कागद होताच. तिथे 'तामिळनाडू टेक्स्टाईल अँड कॉमन लेबर युनियन' ही मुख्यतः दलित बायकांनी चालवलेली संघटना आहे. या बाया मागे हटल्या नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये कारखाना मालक आणि ही संघटना यांच्यात करार झाला, आणि एचअँडएम, गॅप, पीव्हीएच या कंपन्यांनी आपली सही देऊन त्याला बांधून घेतलं. खात्याखात्यात कामगारांतूनच देखरेख करणाऱ्या बाया नेमल्या, त्यांना शिक्षण दिलं, तक्रार करणारीवर सूड घेतला तर कंपनीने कारखान्यावर कारवाई करायची असं ठरलं. वर्षातून एकदा येणारा साहेब आणि शेजारच्या मशीनवर रोज बसणारी बाई, यांत कोणाला जास्त दिसेल?

जुने कामगार जाणतात, मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ. तिथे पगार जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावायला घेतला. आज धोटा गेला. पण तपासणीला आलेल्या साहेबाला कधी कोणी विचारतं का, की झाडू आणि गटार कोणाकडे, सुपरवायझर कोण, रंगाच्या टाकीत उतरतो कोण? 'जात' हा शब्द नियमात आहे, तर हा प्रश्न त्याच नियमाने विचारता येतो.

आपली शिकलेली मुलं आता मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात आहेत, त्यांनाही एक सांगतो. सेबीने २०२१ मध्ये ठरवलं की शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांनी पर्यावरण आणि कामगार यांबद्दलचा अहवाल द्यायचा, आणि २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. पुरवठादारांची माहिती द्यायची वेळ आली तेव्हा मात्र ती पुढे ढकलली आणि ऐच्छिक करून टाकली. तरीही जे छापलं आहे ते वाचा. आपल्या कंपनीला माल कोण देतं, त्याचं सांडपाणी कुठे जातं, ते लिहिलंय का बघा.

बाकीच्यांसाठी असं ठरवलं आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आपण विहारातच बसू. ज्यांच्या कारखान्यात असा कागद लावलेला आहे त्यांनी तो उतरवून आणावा. फोटो काढू देत नसतील तर रोज दोन ओळी पाठ करून आणा. त्याच्या तळाशी तक्रारीचा फोन नंबर असतो, तो आधी आणा. कॉलेजच्या मुली मराठी करून देतील, त्यांनी कबूल केलं आहे. फोन कोणी करायचा आणि कोणाच्या नावाने, ते सगळ्यांनी मिळून ठरवू, एकट्या पोरीने करायचा नाही.

जय भीम.